दान आणि सेवा
परदेशातील साहाय्य म्हणजे निधी आणि अहवाल, असे समीकरण आज रूढ झाले आहे. स्विस अभियंते पिएर सेरेसोल यांचे जीवन त्याला छेद देते. महायुद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधील व्हर्दूँजवळचे एक गाव पुन्हा उभारण्यासाठी १९२० साली त्यांनी जर्मन स्वयंसेवकांनाही सोबत घेतले. कालच्या शत्रूची मदत स्थानिकांना रुचली नाही. काम थांबले, व्रत मात्र अखंड राहिले. १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्ये आले आणि पन्नाशी उलटलेली असतानाही ग्रामस्थांसमवेत घरे उभारण्यासाठी राबले. निधी दुरूनही पाठवता येतो. परंतु सेवाव्रतीने लोकांत मिसळून स्वतः घाम गाळला, तरच कार्य रुजते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे.