टाकी रिकामी आहे, हे ठरवायचे कोणी?

एअर रायफलच्या टाकीची झडप हाताने फिरेनाशी झाली की नेमबाजीच्या वर्तुळात पहिला विचार येतो तो मोठ्या पान्याचा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो शेवटचा विचार असायला हवा. न फिरणारी झडप काहीतरी सांगत असते. ते ऐकून घेण्याची शिस्त भारतातील नेमबाजीत रुजवणे आता गरजेचे झाले आहे.

२००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले, ते १० मीटर एअर रायफलमध्ये. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात विश्वविजेता झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीतील भारताच्या तीन पदकांपैकी दोन १० मीटर एअर पिस्तुलातली होती. या यशामुळे देशभर लहानमोठ्या रेंजवर शाळकरी मुले एअर रायफल आणि पिस्तूल हाताळू लागली आहेत. दाबयुक्त हवेवर चालणाऱ्या प्रत्येक स्पर्धात्मक शस्त्राला एक छोटी टाकी जोडलेली असते. छऱ्याबाबतची सुरक्षा पहिल्या दिवसापासून शिकवली जाते. टाकीबाबतची बहुधा ऐकीव ज्ञानावर सोडली जाते.

आकडेमोड सोपी आहे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे सव्वासात ज्यूल भरते. आता ०.२ लिटरची टाकी २०० बार दाबाने भरलेली आहे असे धरू. ती अचानक मोकळी झाली, तर आतली हवा प्रसरण पावताना सात हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा बाहेर पडू शकते. म्हणजे एका छऱ्याच्या जवळजवळ हजारपट. झडपेवरील बलाचेही तसेच. २० मिलिमीटर व्यासाच्या झडपेचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर असते आणि २०० बार दाबाला तिच्यावर सुमारे ६४० किलो वजनाइतके बल पडते. दाब वीस बारपर्यंत उतरला तरी ६४ किलो उरतातच. ‘जवळजवळ रिकामी’ या शब्दप्रयोगाला इथे अर्थ नाही.

झडप अडकण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले कारण गंजाचे. टाकी अॅल्युमिनिअमची आणि झडप पितळेची असेल, तर ओलावा मिळताच दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते. अॅल्युमिनिअमचे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांमध्ये घट्ट बसते. ओलावा येतो भरलेल्या हवेतूनच. ०.२ लिटरच्या टाकीत २०० बारला सुमारे चाळीस लिटर मोकळी हवा कोंबलेली असते. पावसाळ्यातील तीस अंशांच्या संपृक्त हवेत तेवढ्या आकारमानात ग्रॅमभराहून अधिक पाणी असते. पंपाला किंवा कॉम्प्रेसरला हवा कोरडी करणारी सोय नसेल, तर त्यातले काही पाणी प्रत्येक भरणीबरोबर आत जाते. दुसरे कारण यांत्रिक: चुकीच्या कोनात बसवलेले आटे, फाटलेली ओ-रिंग, वाळून कडक झालेला चिकट द्रव. तिसरे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत घातक, ते म्हणजे आत उरलेला दाब. हा दाब झडपेला बाहेर ढकलतो, आटे एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढते आणि झडप फिरत नाही. हाताला ही तिन्ही कारणे सारखीच जाणवतात. म्हणूनच पाना मोठा करणारा माणूस गंजाशी झुंजत आहे की सहाशे किलोंच्या बलाशी, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

दाबमापकाचा काटा शून्यावर आहे, हा पुरेसा पुरावा नव्हे. मापक बिघडलेला असू शकतो. शिवाय टाकी रायफलपासून वेगळी करताच बऱ्याच रचनांमध्ये आतली खीळ स्प्रिंग आणि हवेच्या दाबानेच बंद होते. ती खीळ अडकली, तर मापक टाकीपासून तुटतो आणि टाकी मात्र भरलेलीच राहते.

अशा वेळी योजले जाणारे घरगुती उपाय धोका वाढवतात. टाकी व्हाइसमध्ये आवळली की तिच्या अंगावर ओरखडे उठतात आणि दाब सोसणाऱ्या धातूत असा प्रत्येक ओरखडा ताण एकवटण्याची जागा बनतो. ज्वाळेने तापवले तर आतला दाब वाढतो. शिवाय उष्णोपचाराने मिळवलेले अॅल्युमिनिअम मिश्रधातूचे बळ कमी होते आणि ते बाहेरून दिसत नाही. आट्यांत खनिज तेल सोडले, तर पुढच्या भरणीत जलद दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते.

योग्य मार्ग कंटाळवाणा आहे, पण स्पष्ट आहे. उत्पादकाने दिलेल्या निचरा-स्क्रूने खीळ हळूहळू दाबावी आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत हवा सोडावी. टाकीच्या तोंडासमोर कोणीही उभे राहू नये. आटे सोडवताना आवाज आला तर लगेच थांबावे. काही झडपांच्या आट्यांजवळ बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आटे सुटण्याआधी हवेला वाट मिळावी आणि माणसाला इशारा, हाच त्याचा हेतू. खीळ दबतच नसेल, तर टाकी भरलेली आहे असे मानून काम तिथेच सोडावे आणि ती उत्पादकाच्या अधिकृत तंत्रज्ञाकडे सोपवावी. मुदत संपलेल्या टाकीची झडप वाचवण्यात तर काहीच अर्थ नाही.

आता प्रश्न उरतो तो नियमांचा. शस्त्र नियम, २०१६ एअर रायफलकडे नळीच्या तोंडाशी असलेल्या ऊर्जेवरून आणि नळीच्या व्यासावरून पाहतात. २० ज्यूलपर्यंतच्या, ०.१७७ इंची रायफलीला परवाना लागत नाही. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना ज्यांची अंमलबजावणी करते ते गॅस सिलिंडर नियम, २०१६ पाचशे मिलिलिटरहून मोठ्या भांड्यांना लागू होतात. म्हणजे एक नियम छर्रा मोजतो, दुसरा मोठे सिलिंडर मोजतो आणि हजारो ज्यूल साठवणारी दोनशे मिलिलिटरची टाकी दोहोंच्या मधल्या फटीत पडते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत टाकीची कमाल मुदत दहा वर्षे आहे, पण ती पाळण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकलेली आहे. तो खेळाडू अनेकदा चौदा-पंधरा वर्षांचा असतो आणि वापरलेली रायफल विकत घेऊन खेळत असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आयात केलेली टाकी महाग असते, परदेशी पाठवून दुरुस्ती करणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही आणि काटकसरीच्या जुगाडावरच अनेक गुणी मुले उभी राहिली आहेत. मात्र या आक्षेपातून मोठ्या पान्याचे समर्थन होत नाही. सुरक्षित सेवा जवळ आणि स्वस्त असावी, ही मागणी त्यातून पुढे येते.

ती अवघडही नाही. प्रत्येक रेंजवर निचरा-स्क्रू आणि टाक्यांच्या निर्मितीवर्षाची नोंदवही ठेवता येईल. राष्ट्रीय रायफल संघटना आपल्या स्पर्धांच्या साधनतपासणीत टाकीची तारीख पाहणे बंधनकारक करू शकते. जलदाब चाचणी करणारी केंद्रे देशात आहेत; लहान टाक्यांसाठी त्यांना जोडणी-साधने पुरवावी लागतील. या चाचणीत हवेऐवजी पाणी वापरतात, कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही. भांडे फुटले तरी साठलेली ऊर्जा नगण्य असते. अकरावीच्या भौतिकशास्त्रात हे सारे येते. तेच धडे रेंजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले, तर पान्याकडे जाणारा हात आधी निचरा-स्क्रूकडे वळेल.