आभाळातून पडलेला दगड कोणाचा? खान्देशातील अशनी, जगाचा बाजार आणि गावाचा हक्क

अशनी गोळा करण्याचा छंद जगभर वाढतो आहे आणि त्यांचे भाव कोटींत गेले आहेत. खान्देशच्या मातीतही असे दगड पडल्याची नोंद आहे. पुढचा दगड पडला तर तो नोंदीत जाईल की देव्हाऱ्यात, की एखाद्या दलालाच्या पिशवीत?

पहूरहून मुक्ताईनगर तालुक्यातील मानेगाव सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर असेल. केळी आणि कपाशीच्या पट्ट्यातील या गावाचे नाव जगातील अशनींच्या अधिकृत यादीत आहे, हे जळगाव जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक असेल. २९ जून १८४३ रोजी दुपारी तेथे आकाशातून दगड पडला. मुक्ताईनगरला तेव्हा एदलाबाद म्हणत आणि जिल्हा होता खान्देश. आज त्या दगडाचा जतन झालेला भाग जेमतेम काही तोळे आहे.

उल्का आणि अशनी यांत फरक काय?

रात्री ‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो, ती उल्का. अवकाशातील खडा वातावरणात प्रचंड वेगाने शिरतो आणि उजेडाची रेघ उमटवून बहुतेक वेळा वरच संपतो. जो तुकडा जमिनीपर्यंत पोहोचतो, तो अशनी. पडताना लोकांनी पाहिलेले आणि लगेच हाती लागलेले अशनी जगभरात वर्षाला दहाच्या आसपासच असतात. म्हणून अशा प्रत्येक दगडाचे मोल वेगळे.

अशनीला नाव मिळते ते तो जेथे पडला त्या गावाचे. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेला दगड पुढे मंगळावरचा ठरला. मंगळाच्या अशनींच्या एका मोठ्या गटाला आज जगभर ‘शेर्गोटाइट’ म्हणतात, ते या गावावरून.

मानेगावच्या दगडात विशेष काय?

हा दगड ‘डायोजेनाइट’ या दुर्मीळ जातीचा आहे. १८७० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील नेव्हिल स्टोरी-मास्केलीन यांनी त्यातील खनिजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे या जातीच्या दगडांचा संबंध मंगळ आणि गुरू यांच्यामधील ‘वेस्टा’ या मोठ्या लघुग्रहाशी जोडला गेला. २०११-१२ मध्ये नासाचे ‘डॉन’ यान वेस्टाभोवती फिरले, तेव्हा त्या तर्काला भक्कम पुरावा मिळाला. मानेगावच्या शिवारात वेस्टाच्या कवचाचा तुकडा येऊन पडला होता, असे आज म्हणता येते.

खान्देशची आणखी एक नोंद धुळ्याजवळची आहे. १८७७ मध्ये पडलेला हा दगड यादीत ‘भगूर’ या नावाने आहे आणि ‘धुलिया’ हे त्याचे पर्यायी नाव. नाशिकजवळच्या भगूरशी त्याचा संबंध नाही. या दोन्ही दगडांची आठवण खान्देशात कोठे उरलेली दिसत नाही.

या छंदात लोक नेमके करतात काय?

तीन गोष्टी. काही जण शोधतात, काही खरेदी-विक्री करतात, काही फक्त जमवतात. शोधणारे मोठा अग्निगोल दिसला की कॅमेऱ्यांतील चित्रणावरून त्याचा मार्ग काढतात. दगड फुटला असेल तर त्याचे तुकडे लांबट पट्ट्यात विखुरतात. जड तुकडे पुढे जातात, हलके मागे पडतात. त्या पट्ट्यात रांगा धरून चालायचे आणि काळा दगड दिसतो का पाहायचे. सहारासारख्या वाळवंटात हे सोपे जाते, कारण फिकट वाळूवर काळा दगड दुरून दिसतो आणि कोरड्या हवेत तो हजारो वर्षे टिकतो.

आपल्याकडे नेमके उलटे. जमीन काळी, खालचा खडकही काळा आणि दरवर्षीचा पावसाळा लोखंडाचा अंश असलेल्या दगडाला गंजवून टाकतो. जुना अशनी शोधत शिवार पालथे घालण्यात हशील नाही. आपल्या भागात महत्त्व आहे ते डोळ्यांदेखत पडलेल्या ताज्या दगडाला.

बाजारभाव किती?

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात मंगळाचा २४.६७ किलोचा दगड शुल्कासह सुमारे ५३ लाख डॉलरला, म्हणजे अंदाजे ४५ कोटी रुपयांना विकला गेला. हिशेब केला तर ग्रॅमला अठरा हजारांच्या आसपास. जळगावच्या सराफ बाजारात त्या वेळी सोने ग्रॅमला दहा हजारांच्या आसपास होते. म्हणजे सोन्याच्या जवळपास दुप्पट.

पण हा भाव मंगळाचा. जगात नोंदलेल्या सत्त्याहत्तर हजारांवर अशनींपैकी मंगळाचे चारशेच्या आसपास आहेत. साधे, गंजलेले, कोठे सापडले ते ठाऊक नसलेले अशनी ग्रॅमला काही डॉलरला किंवा त्याहून कमी दरात मिळतात. भाव ठरतो तो जात, ताजेपणा आणि नोंद यांवर. आंतरराष्ट्रीय मान्यता हवी असेल तर दगडाचा २० टक्के किंवा २० ग्रॅम यांपैकी जो कमी असेल तेवढा भाग अभ्याससंस्थेकडे ठेवावा लागतो. म्हणजे बाजारसुद्धा शेवटी प्रयोगशाळेच्या शिक्क्यावर चालतो.

सदबीजच्या लिलावाला दुसरी बाजूही आहे. तो दगड नायजर या आफ्रिकी देशाच्या वाळवंटातून आला होता. विक्रीनंतर तो देशाबाहेर गेला कसा, याची चौकशी तेथील सरकारने सुरू केली. ज्याच्या भूमीत दगड पडला त्या देशाच्या हाती काय आले, हा प्रश्न आता जगभर विचारला जातो.

कायद्याने दगड कोणाचा?

उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत आयोवा राज्यातील एक जुना खटला अजून सांगितला जातो. १८९० मध्ये एका शेतात अशनी पडला. शेतातील गवत दुसऱ्याला लावून दिलेले होते. त्याने तिसऱ्याला दगड खणू दिला आणि तिसऱ्याने तो विकला. वाद न्यायालयात गेला. १८९२ मध्ये निकाल लागला, की दगड जमिनीचा भाग झाला, म्हणून तो जमीनमालकाचा. बटाईने शेती चालणाऱ्या आपल्या भागात हा पेच सहज कळावा.

भारतात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआय ही देशात पडलेल्या अशनींची अधिकृत संरक्षक संस्था आहे. तिचा संग्रह कोलकात्यात आहे. म्हणून भारतात पडलेला दगड परस्पर विकण्याच्या फंदात पडू नये. जिल्हा प्रशासनाला कळवून तो जीएसआयकडे पोहोचवणे हाच सरळ मार्ग.

तो पोहोचला तर खरेच काही होते का?

विदर्भातील काटोलचे उदाहरण जवळचे आहे. २२ मे २०१२ रोजी काटोल परिसरात दगडांचा सडा पडला. जीएसआयचे कार्यालय नागपुरात, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तुकडे वेळेत जमा झाले. २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी त्याच दगडात ‘ब्रिजमनाइट’ हे खनिज आढळल्याचे दाखवले. पृथ्वीच्या पोटात हे खनिज विपुल आहे, पण इतक्या खोलवर की माणसाच्या हाताला ते लागत नाही.

गुजरातमध्ये १७ ऑगस्ट २०२२ रोजी दियोदर तालुक्यातील रावेल आणि रांटीला या गावांत दगड पडले. रावेलमध्ये दगड कडुनिंबाच्या फांदीवर आपटून फुटला. तुकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले आणि तो ‘ऑब्राइट’ निघाला. या जातीचा भारतातील आधीचा दगड १८५२ चा, उत्तर प्रदेशातील बस्तीचा होता. मधली १७० वर्षे गेली. गावकऱ्यांनी तुकडे वाटून घेऊन देव्हाऱ्यात ठेवले असते तर हे कधीच कळले नसते.

सापडलेला काळा दगड अशनी आहे का, हे कसे ओळखावे?

बहुतेक वेळा तो अशनी नसतो. तरी काही खुणा पाहता येतात.

• वर पातळ, काळी, जळकट साय असते. फुटलेल्या जागी आतला रंग बहुधा फिकट दिसतो.
• ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे पृष्ठभागावर असू शकतात.
• आकाराच्या मानाने दगड जड लागतो.
• पावासारखी छिद्रे नसतात. छिद्रे असलेला काळा दगड आपल्याकडे बेसाल्ट असतो किंवा भट्टीतली मळी.
• लोहचुंबकाची परीक्षा अर्धवट आहे. बेसाल्टमध्येही चुंबकाकडे ओढले जाणारे खनिज असते. उलट मानेगावच्या जातीच्या दगडात लोखंड नगण्य, त्यामुळे तो चुंबकाला दाद देईलच असे नाही.

शिवाय जोरदार चुंबक लावल्याने दगडातील मूळ चुंबकीय खूण पुसली जाते. सहारातून आलेल्या मंगळाच्या एका प्रसिद्ध दगडाचे असे नुकसान झाल्याचे २०२३ च्या अभ्यासात दिसून आले.

एक गैरसमजही दूर करायला हवा. पडलेला अशनी धगधगता नसतो. शेवटचा टप्पा तो साध्या पडत्या दगडाच्या वेगाने, थंड हवेतून येतो. गवत पेटले, खड्ड्यातून धूर निघाला, अशा कहाण्यांवर सहसा विश्वास ठेवू नये.

आकाशातून पडलेली प्रत्येक वस्तू अशनी नसते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, जळगावपासून विदर्भापर्यंत लोकांनी आकाशात जळते पट्टे पाहिले. अनेकांनी ती उल्का मानली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात मात्र धातूचे भले मोठे कडे सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे पुढे आले.

फसवणूक कशी होते?

अजिंठ्याच्या वाटेवर पर्यटकांना स्फटिक विकणारे आपण सारे पाहतो. जळगाव परिसरातील खाणींतून निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे जातात. दगडाला गिऱ्हाईक असते, हे या भागाला नव्याने सांगायला नको. फसवणूक करणारा नेमका याच समजुतीवर डाव टाकतो. ‘वीज पडलेला धातू’, ‘तांदूळ ओढणारे भांडे’, ‘नासा विकत घेणार आहे’ अशी आमिषे दाखवून राईस पुलरच्या नावाखाली लोकांना लुबाडले गेले आहे. आता त्यात ‘उल्कापिंडा’ची भर पडू शकते. तपासणीचे शुल्क आधी मागणारा, कागद न देणारा आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणणारा माणूस दिसला की व्यवहार तेथेच थांबवावा.

दगड पडताना दिसला तर काय करावे?

वेळ आणि दिशा लिहून ठेवा. सीसीटीव्हीचे मूळ चित्रण पुसले जाण्याआधी जपून ठेवा. दगड उचलण्याआधी जागेवरच, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून, मोबाइलने फोटो काढा आणि ठिकाणाचे लोकेशन साठवा. धुऊ नका, फोडू नका, हळद-कुंकू लावू नका. कोरड्या स्वच्छ कागदात किंवा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यात द्या आणि लेखी पोच घ्या.

मग गावाला काय मिळणार?

खरी अडचण येथे आहे. ‘दगड दिला तर मला काय?’ या शेतकऱ्याच्या साध्या प्रश्नाचे उत्तर गावापर्यंत पोहोचलेले नाही. दलाल नोटा दाखवतो. सरकारी माणूस फक्त नियम दाखवतो. अशा वेळी दगड लपवला गेला, फोडला गेला किंवा गुपचूप विकला गेला, तर दोष एकट्या गावकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

उपाय अवघड नाहीत. दगड देणाऱ्याला ठरावीक आणि जाहीर बक्षीस मिळावे. संग्रहातील पाटीवर गावाबरोबर, त्याची हरकत नसेल तर, त्याचेही नाव असावे. अभ्यास संपल्यावर एखादा तुकडा, निदान हुबेहूब प्रतिकृती तरी, जिल्ह्यात परत यावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात मानेगाव आणि धुळ्याच्या दगडांची माहिती देणारा छोटा कोपरा उभा राहिला तरी पुष्कळ होईल. तलाठी, पोलीस पाटील आणि विज्ञान शिक्षक यांना पानभर सूचना दिल्या तर दगड योग्य हाती जाईल. नागपूरचे कार्यालय काटोलला जवळ होते, पहूरला ते तितके जवळ नाही. येथे पहिले काही तास गावालाच सांभाळायचे आहेत.

छंद म्हणून काही करता येईल का?

अवश्य. परदेशातील कागदपत्रे असलेला छोटा नमुना जाणकार विक्रेत्याकडून घेता येतो. बिनखर्चाचाही मार्ग आहे. अवकाशातील धूळ सतत पृथ्वीवर पडत असते. नॉर्वेचे हौशी संशोधक यॉन लार्सन यांनी शहरातील छपरांवरच्या धुळीत खरे सूक्ष्म अशनी असल्याचे दाखवून दिले आणि २०१७ मध्ये ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शाळेच्या स्लॅबवरचा गाळ गोळा करायचा, धुऊन वाळवायचा, चुंबकाने कण वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बहुतेक कण वेल्डिंगचे किंवा कारखान्याचे निघतील. खरा ओळखायला चिकाटी लागते आणि तीच या छंदाची शिकवण आहे.

मानेगावचा दगड १८३ वर्षांपूर्वीचा असूनही आज वेस्टाची ओळख सांगतो, कारण कोणीतरी तारीख, वेळ आणि गावाचे नाव लिहून ठेवले. तेवढी नोंद नसती तर तो बांधावरच्या इतर काळ्या दगडांतलाच एक राहिला असता. पुढचा दगड कोणाच्या शिवारात पडेल हे सांगता येत नाही. तो पडेल तेव्हा गाव नोंद करील आणि सरकार गावाचा मान राखील, एवढी तयारी मात्र आजच करता येते.