चाळीस पोरं, एक बोट

इंटरॅक्टिव्ह पॅनलचा डेमो पाहिलाय का कधी? सेल्सवाला बोटाने पृथ्वी गरागरा फिरवतो, बेडकाचं पोट उघडून आतलं हृदय दाखवतो, बघणारे खूश. वर्गातही तेच होतं. एक चुणचुणीत पोरगी पुढे येते, बरोबर तुकडा बरोबर जागी ओढते, पडद्यावर चांदण्या फुटतात, टाळ्या पडतात. झकास! पण त्या वेळात बाकीची ३९ पोरं काय करत होती?

माझ्या मते, टीव्ही बघत होती.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट सगळ्यांना आणि इनपुट एकालाच, अशी ही सिस्टिम आहे. पॅनल एका वेळी कितीही बोटं ओळखू दे, समोर तीन-चार पोरं उभी राहिली की मागच्या बाकांवर त्यांच्या पाठीच दिसणार.

आता मी पडलो आयटीवाला, यंत्रांशी माझं वैर असायचं कारण नाही. २००७च्या शेवटी कार्नेगी मेलनच्या जॉनी ली या विद्यार्थ्याने निन्टेन्डोच्या साधारण ४० डॉलरच्या वी रिमोटमधला इन्फ्रारेड कॅमेरा आणि एक घरगुती इन्फ्रारेड पेन वापरून प्रोजेक्टरच्या साध्या पडद्याचा इंटरॅक्टिव्ह बोर्ड करून दाखवला. काय डोकं आहे! पण बोर्ड स्वस्त झाला तरी खडू एकाच्याच हातात राहिला ना?

इंग्लंडने हा खर्च आपल्या बराच आधी करून पाहिलाय. लंडनच्या माध्यमिक शाळांत सरकारी पैशाने असे बोर्ड बसवले गेले. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने केलेलं त्याचं मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. गणित, विज्ञान, इंग्रजी या तीन विषयांत, पहिल्या वर्षात तरी, मुलांच्या निकालावर ठळक परिणाम दिसला नाही. उलट अभ्यासात मागे असलेल्या गटांत एकेकाला बोर्डापाशी बोलावण्याच्या नादात सगळ्या वर्गाचाच वेग कमी होऊ शकतो, असंही त्यात आढळलं.

मग करायचं काय? हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पद्धत बघा. प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं. उत्तरं विभागलेली दिसली की शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. बरोबर काय ते सर शेवटी सांगणार. सुरुवातीला हे साध्या कार्डांवर चालायचं, क्लिकर नंतर आले.

हेच आपल्या पाचवीच्या वर्गात करून बघा. १/३ मोठा की १/४? तीनापेक्षा चार मोठा, म्हणून १/४ म्हणणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात आणि ती कधीच हात वर करत नाहीत. प्लिकर्स नावाचं एक ॲप आहे. त्यात प्रत्येक मुलाच्या हातात काळ्या-पांढऱ्या नक्षीचं कागदी कार्ड असतं. कार्डाची जी बाजू वर धरली, ते त्याचं उत्तर. बाई आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोण कुठे अडलंय ते त्यांना कळतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारचं बघून कॉपी करायची सोयच नाही. सगळ्या वर्गात मिळून यंत्र एकच, तेही बाईंच्या हातात.

म्हणजे मोठा पडदा अगदीच फुकट का? नाही हो. जिओजिब्रात त्रिकोणाचा कोपरा ओढत राहायचा आणि तिन्ही कोनांची बेरीज १८०वरच चिकटलेली बघायची, ही मजा खडूने येत नाही. कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स तर फुकट आहेत, त्यातली कितीतरी मराठीतसुद्धा. फक्त ओढण्याआधी 'आता काय होईल?' याचं उत्तर सगळ्यांनी वहीत लिहायचं. स्वतःचा अंदाज चुकला की पोरगं पडद्याकडे वेगळ्याच नजरेने बघतं.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण म्हणजे पैसे. गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून 'डिजिटल' झाल्या. गावाकडच्या शाळेला पॅनल घेऊन देऊ, असं म्हणणारे आपल्यासारखेच असतात. भावना चांगली आहे, पण आपण त्याचे इंच आणि रॅम विचारतो नि मोकळे होतो. कोनशिलेवर नाव येतं, फोटो निघतो, आणि तिसऱ्या बाकावरच्या गप्प पोराला १/३ कळला की नाही, ते कुणालाच कळत नाही. शाळेकडे पैसा एकदाच येतो. तो पॅनलवर गेला की कार्डं, पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण यासाठी पुन्हा येत नाही.

म्हणून चेक लिहिण्याआधी शिक्षकांना एवढंच विचारा: एका तासात किती पोरांना स्वतःचं उत्तर द्यावं लागेल? आकडा चाळीसच्या जवळ जात असेल, तर खुशाल घ्या पॅनल. एक-दोनच असेल, तर आधी कार्डं छापून द्या.

पटतंय का बघा.