आधी अर्थिंग, मग पॉवर कॉर्ड

ॲम्प्लिफायरसोबत मिळालेली साधी पॉवर कॉर्ड पुरेशी आहे, की चांगल्या आवाजासाठी तिच्यावर हजारो रुपये खर्च करावेत? हा वाद जुना आहे. एका बाजूला कानावर भिस्त ठेवणारे श्रोते आहेत, दुसऱ्या बाजूला मोजमापावर भिस्त ठेवणारे तंत्रज्ञ. दोन्हीकडे जाणकार आणि प्रामाणिक माणसे असल्याने कुणाचेच म्हणणे झटकून टाकणे योग्य नाही.

तंत्रज्ञांचा हिशेब भक्कम आहे. 1.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण 12 मिलिओहम असतो. दीड मीटरच्या कॉर्डमध्ये जाणारी-येणारी तार मिळून तो 36 मिलिओहम होतो. ॲम्प्लिफायर 2 अँपिअर ओढत असेल तर कॉर्डमध्ये जेमतेम 0.07 व्होल्ट खर्ची पडतात. आपला 230 व्होल्टचा पुरवठा इमारतीतला पाण्याचा पंप सुरू झाला तरी याहून अधिक खाली येतो. शिवाय वीज आत गेल्यावर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर तिचे रूप पालटतातच.

दुसरीकडे, कॉर्डचा काहीच संबंध नसतो असे म्हणणेही शास्त्राला धरून नाही. कपॅसिटर सेकंदाला 100 वेळा, झटक्याझटक्याने भरतात. त्या क्षणी प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट असतो. एलईडी दिवे आणि चार्जर विजेच्या लाइनमध्ये गोंगाट सोडतात, आणि शिल्ड असलेली कॉर्ड त्याचा आसपासच्या तारांना होणारा उपद्रव कमी करू शकते. अर्थची तार बारीक किंवा सैल असेल तर दोन उपकरणांमधला गळती-प्रवाह सिग्नलच्या केबलमधून वाट काढतो आणि स्पीकरमध्ये घुमू लागतो.

मात्र हे परिणाम घरघर किंवा खरखर म्हणून प्रकट होतात आणि ते मोजता येतात. ‘गळा अधिक गोड लागला’, ‘तबला मोकळा वाजला’ या अनुभवांचा उलगडा त्यातून होत नाही. किंमत ठाऊक असली की कान तिकडे झुकतो, म्हणूनच कोणती कॉर्ड लावली आहे हे न सांगता घेतलेल्या चाचणीला मोल आहे. तथापि, दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकून निवाडा करणे रसिकाला जाचक वाटते, ही तक्रारही रास्त आहे. यावर उपाय आहे: घरातल्या कुणीतरी कॉर्ड गुपचूप बदलावी आणि श्रोत्याने आपल्या सवयीचे ध्वनिमुद्रण सावकाश, अनेक दिवस ऐकावे.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कल तंत्रज्ञांकडे आहे. पुरेशा जाडीची, आयएसआय चिन्हाची, सॉकेटमध्ये घट्ट बसणारी कॉर्ड बहुतेक घरांना पुरते. आलापातल्या विरामात, तानपुऱ्यामागे घरघर ऐकू आली तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. आवाज थांबला तर दोष अर्थच्या वळशाचा, म्हणजे उपकरणांच्या अर्थ आणि केबलमधून फिरणाऱ्या प्रवाहाचा आहे. कॉर्ड बदलून तो सहसा जात नाही. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नये. त्यात जिवाला धोका आहे.

एवढे करूनही कुणाला महाग कॉर्ड हवी असेल, तर तो त्याचा हक्क आहे. मजबूत बांधणी आणि मनाचे समाधान यांनाही किंमत असते. पण विक्रेत्याने ती घरी ऐकून परत करण्याची मुभा द्यावी आणि ग्राहकाने ती मागून घ्यावी.