पाणलोट आणि पाणवठा



मागच्या रविवारी वंदनेनंतर मुलांचा भूगोल घेताना एक चित्र आमच्यासमोर आले. सात वर्षांच्या मुलीने रुवैसचा नकाशा काढला होता आणि त्यातून निळीशार नदी वाहत होती. या देशात बारमाही नदी एकही नाही, हे तिला सांगणे जिवावर आले. पूर्वेला हजर पर्वत, तेथे पावसापुरत्या वाहणाऱ्या वादी. आणि आमच्याभोवती समुद्रपातळीच्या जेमतेम वर असलेली खारट सपाटी, जिला अरबीत सबखा म्हणतात. नळाला येते ते क्षार काढलेले समुद्राचे पाणी.

मग मुलांना शब्द सांगितले. ज्या उंचवट्यावर पडलेल्या पावसाच्या वाटा दोन दिशांना फुटतात, तो जलविभाजक. ज्या भूभागाचे सारे पाणी एकाच ओढ्याला वा नदीला मिळते, ते तिचे पाणलोट क्षेत्र. इंग्रजीत ‘वॉटरशेड’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे येथील शाळांतली मुले गोंधळतात. मराठीने हा घोळ ठेवलेला नाही.

उदाहरण महाबळेश्वराचे घेतले. त्या एकाच पठारावरून कृष्णा पूर्वेकडे निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. ‘महाड’ म्हणताच एका मुलाने विचारले, “म्हणजे चवदार तळे नदीचे आहे?” नाही, बाळा. नदी शेजारून वाहते, तळे ते तळेच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. तरीही ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आला.

पाणवठा हा शब्द मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात नाही. पाणी कोठे जाईल ते जमिनीचा उतार ठरवतो; ते कोणी कोठे भरायचे, हे गाव ठरवीत असे. आमच्या आजीच्या गावी ओढा एकच होता. वरच्या अंगाचा पाणवठा गावाचा, खालच्या अंगाचा आमचा. वर गुरे धुतली जात, मग ते पाणी आमच्याकडे येई. उन्हाळ्यात ओढा आटला की आजी वाळूत झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरी. पाणलोट हा शब्द तिला ठाऊक नव्हता, उतार मात्र चांगला ठाऊक होता.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहणाऱ्या दामोदराचा पूर, सिंचन व वीज यांचा विचार तुकड्यातुकड्याने नव्हे, तर साऱ्या खोऱ्याचा एकत्र व्हावा, या दिशेने तेव्हा काम झाले; त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. (रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेल्या तंट्याला त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण मानले, हेही येथे आठवते.) वरच्या अंगाला केलेले खालच्या अंगाला भोगावे लागते, हे आमच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पुढच्या वर्गासाठी मुलांना एक काम दिले आहे. पालकांनी मदत करावी. गावी फोन लावून आजी-आजोबांना विचारावे: आपल्या ओढ्याचे नाव काय, तो कोणत्या नदीला मिळतो, आणि आपला पाणवठा कोठे होता? उत्तरे नकाशावर लिहून आणावीत. त्या मुलीची निळी नदी आम्ही खोडलेली नाही. तिने तिला अजून नाव दिलेले नाही.