फळ्यामागचे डबे

जून उजाडला, शाळांच्या घंटा वाजू लागल्या, की मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांना पाटी-पेन्सिलीचा उमाळा येतो. दगडी पाटी, तिची लाकडी चौकट, कोपऱ्यांना ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, वरच्या तारेत ओवलेले रंगीत मणी, ओल्या फडक्याचा बोळा, टाक, दौत, टीपकागद, सारे ओळीने येते. लेखक बहुधा निवृत्त, आणि लेखाचा शेवट ठरलेला. ते दिवस गेले, आता मुलांच्या हातात मोबाइल आला, संस्कार संपले.

या वस्तूंवर माझा राग नाही. उलट लोभच आहे. थुंकीने पुसलेली पाटी वाळवायला ती हवेत हलवत आम्हीही उभे राहिलो आहोत. पेन्सिलीचा तुकडा चोरून कुरतडला आहे आणि त्यासाठी आईचा मारही खाल्ला आहे. शाईची वडी पाण्यात विरघळवून केलेली निळी शाई सदऱ्यावर सांडून घरी आलो आहोत. शाईचे पेन मिळाले तेव्हा ते खिशाला अडकवून, काम नसताना, गावाच्या चावडीवरून दोनदा गेलो होतो. (चावडीवरूनच का गेलो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) बॉलपेनने अक्षर बिघडते म्हणून गुरुजी ते हिसकावून घेत, तेही आठवते. पण हे सारे आठवताना एक प्रश्न मनातून जात नाही. रविवार पुरवणीतल्या त्या रम्य वर्गात आपण कुठे बसलो होतो?

माझे वडील दुसरीपर्यंत शिकले. काळ १९४० नंतरचा. शाळा देवळाच्या ओसरीत भरे, म्हणजे आपल्यासाठी ती ओसरीच्या खाली, पायरीजवळ भरे. गुरुजी बाकीच्या पोरांच्या पाट्या हातात घेऊन तपासत, चुकलेल्या अक्षरावर पेन्सिल फिरवत, बोट धरून गिरवून घेत. वडिलांना मात्र लांबूनच सांगत, "पाटी वर धर. आणखी वर." वडील दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरून उभे राहत. गुरुजी ओसरीवरून बघत आणि "ह्याऽऽ, चुकलं" म्हणत. काय चुकले ते सांगायला पाटीला हात लावावा लागला असता. एकदा चूक दाखवायला त्यांनी काठीच फेकली, ती पाटीला लागली आणि पाटी दुभंगली. नवी पाटी घेण्याची घरची ऐपत नव्हती. पुढचे वर्षभर वडील अर्ध्या पाटीवर लिहीत राहिले. ती अर्धी पाटी अजून आमच्या घरात आहे. तिच्यावर मला लेख लिहिता येईल, पण तो रविवार पुरवणीत शोभणार नाही.

कोणी म्हणेल, पेन्सिलीतही जात कसली शोधता? आम्ही शोधत नाही. ती तिथे होतीच. सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव नोंदले गेले. रजिस्टरात त्यांचा क्रमांक १९१४ आहे. हाच दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या विद्यार्थ्याचे शालेय साहित्य काय होते? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एक गोणपाट. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायला ते लागे. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. दप्तराबरोबर आसनही पाठीवर वाहणारा तो विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा आणि मग मण्यांच्या पाटीचे कौतुक करा.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला फळ्याचा प्रसंग. धनंजय कीरांच्या चरित्रातून तो आपल्या बहुतेकांना ठाऊक आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका उठला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. मुले धावली, डबे बाजूला काढले, आणि मगच त्यांना फळ्यापाशी जाता आले. मला या प्रसंगात नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. फळा बाटत नव्हता, खडू बाटत नव्हता, डबे बाटत होते! ही मुंबई होती. खेड्यात तर फळाही बाटत होता.

आणखी मागे जाऊ. बोरूच्या आठवणी काढणारे तर आज फार थोडे उरले, तरी बोरूचे गोडवे चालूच असतात. बोरूचे टोक तिरके कापायचे, मोडीची वळणदार अक्षरे एका दमात ओढायची, कित्ता गिरवायचा. कला होती, यात वाद नाही. पण गावगाड्यात बोरू कोणाच्या हातात होता? कुलकर्ण्याच्या. आपला पणजोबा गावचा सारा आणि सांगावा घेऊन रानोमाळ पळत होता, पण पाठीवरच्या कागदात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. बोरूच्या शाईशी त्याचा संबंध आला तो अंगठा बुडवण्यापुरता. त्या अंगठ्याखाली किती जमिनी गेल्या, याचा हिशेब कोणत्याही पुरवणीत छापून येत नाही.

म्हणूनच जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, ही घटना मला मोठी वाटते. हातात लेखणी येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोरू होते त्यांना जे लिहावेसे वाटले नाही ते तिने लिहिले.

आणि ज्या पेन्सिलीने आपण 'ग म भ न' गिरवले ती कुठून येत होती? मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात पाटीच्या पेन्सिलींचे कारखाने होते. दगड करवतीने कापून पेन्सिली काढत. कापताना उडणारी धूळ मजुरांच्या छातीत बसे आणि सिलिकोसिस होई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा पाहिलेल्या मजुरांत निम्म्याहून अधिकांना हा रोग होता. तिथल्या पेन्सिल कामगारांसाठी १९८२ साली कल्याण निधीचा कायदा करावा लागला. पाटीवर घासताना उडणारी ती पांढरी भुकटी आपण फुंकरीने उडवत होतो. ती कोणाच्या फुप्फुसातून आली, हे आपल्यालाही माहीत नव्हते. आपणही श्रमिकांचीच लेकरे, तरी माहीत नव्हते. हे आपणही कबूल केले पाहिजे.

रम्य भूतकाळाचे आणखी एक सरकारी प्रमाणपत्र आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८ साली 'खडू-फळा योजना' आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान साहित्य प्रत्येक प्राथमिक शाळेला मिळावे, एवढीच तिची मागणी. म्हणजे स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाल्यावर सरकारनेच मान्य केले की या देशातल्या असंख्य शाळांत फळ्याचीसुद्धा वानवा आहे. या शाळा कोणाच्या वस्तीत होत्या, ते सांगायला पाहणी नको. पुरवणीतले लेखक ज्या फळ्यासाठी हळहळतात तो आपल्यापर्यंत पोहोचायचाच होता.

माझ्या वेळी फळा होता. कोळसा आणि पाला वाटून आम्ही पोरांनीच तो दर शनिवारी काळा करायचा. त्यावरचा रोजचा सुविचार मात्र मॉनिटर लिही, आणि मॉनिटर पाटलाचा. चौथीत नवे गुरुजी आले. त्यांनी वर्गभर वह्या पाहिल्या, माझे अक्षर पाहिले आणि काही न बोलता अख्खा खडू माझ्या हातात ठेवला. तुकडा नव्हे, अख्खा! त्या दिवशी मी काय लिहिले ते आठवत नाही. घरी जाऊन वडिलांना सांगितले तेव्हा ते उठून बाहेर गेले, एवढे आठवते.

आता फळे हिरवे झाले, पांढरे झाले, काही ठिकाणी पडदे आले. त्याला आपला विरोध नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हीच पाटी झाली, तेव्हा ज्या घरात तो नव्हता त्या घरची मुले पुन्हा पायरीखाली बसली, हे विसरता येत नाही. आणि २०२३ साली शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. वाडी, तांडा, पाडा, वस्ती, यांच्याच त्या. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असे शिक्षण हक्काचे राज्याचे नियम सांगतात, आणि त्याच नियमात वीस मुलांची मेखही मारून ठेवली आहे. बस देऊ, म्हणतात. पहिलीतली पोर ओढा ओलांडून बसपर्यंत कशी जाणार, हे ज्यांची मुले कधी ओढ्यापलीकडे शिकलीच नाहीत ते ठरवणार!

जुन्या वस्तू आपणही जपतो. बाबासाहेबांना फाउंटन पेनांचा केवढा षोक होता! नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांच्या वापरातला टाइपरायटर पाहायला आपली माणसे पदरमोड करून जातात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन घेऊन येण्याची रीत अलीकडे रुजली. त्या वह्या कुठल्या शाळेत, कुठल्या वसतिगृहात पोहोचतात, याची यादी गावोगाव करायला हवी, कारण गरज कुठे आहे ते मुंबईतून दिसत नाही.

आमच्या गावच्या शाळेचा पट या वर्षी तेरा आहे. पुतण्याचा परवा फोन आला. ग्रामसभेत शाळेचा विषय घ्यायला लावतो म्हणाला, आणि मलाही बोलावले आहे. मी जाणार आहे. सोबत वडिलांची अर्धी पाटी नेणार आहे. सभेत ती हातोहात फिरवायची, असे ठरवले आहे. कोण हातात घेतो आणि कोण लांबूनच बघतो, तेही कळेल.