उमेदवार आमचा, निवड कुणाची?

सक्करदऱ्यातील विहारात परवा चर्चा निघाली. अमेरिकेत २०२० साली बायडन यांनी कमला हॅरिस यांना उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतले. आपल्याकडे असे कधी होणार, असा एका तरुण कार्यकर्त्याचा सवाल होता. आम्ही म्हटले, बाबा रे, आपल्याकडे याहून बरेच होऊन गेले. समाजाने त्याचा हिशेब मांडला नाही, एवढेच.

२००२ साली काँग्रेसने सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांना उपराष्ट्रपतिपदासाठी उभे केले. घटनेच्या अनुच्छेद ६६ नुसार या पदासाठी फक्त खासदार मतदान करतात आणि संख्याबळ वाजपेयी सरकारकडे होते. भैरोसिंह शेखावत यांना ४५४ मते पडली, शिंदे यांना ३०५. जानेवारी २००३ मध्ये शिंदे मुख्यमंत्री झाले. २००४ ची विधानसभा त्यांच्या कारकिर्दीत लढली गेली, आघाडीने ती जिंकली. खुर्चीवर मात्र विलासराव देशमुख बसले आणि शिंदे राज्यपाल म्हणून आंध्रात गेले. पराभव दिसत असताना आमचा माणूस आठवतो, विजय हाती आल्यावर विसरतो. याला प्रतिनिधित्व म्हणायचे काय?

२०१७ साली तर राष्ट्रपतिपदासाठी रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार, दोन्हीकडून दलितच उमेदवार. कोविंद निवडून आले. पुढे २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले; त्या पदाकडून कायदा वाचण्याची अपेक्षाच चुकीची होती. २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला, माणसे प्राणास मुकली, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली.

म्हणजे उच्चपदे निरर्थक, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांनी आपला माणूस तिथे पाहावा, हे मोलाचेच आहे. पण बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला तो चेहऱ्यासाठी नव्हे. प्रतिनिधी ज्यांचा, त्यांनीच तो निवडावा आणि त्यांनाच त्याने जाब द्यावा, यासाठी. पुणे करारात नेमके तेच हातचे गेले. १९५२ साली खुद्द बाबासाहेबांना मुंबईत पाडणारे काजरोळकर राखीव जागेवरचे काँग्रेस उमेदवारच होते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणताही पक्ष 'तुमचा माणूस दिला' म्हणून दारात आला, तर जात नंतर पाहा. आधी विचारा : याला निवडले कुणी, आणि हा जाब कुणाला देणार?